कालवडीचं कौतुक

नोराबाईंच्या गोठ्यात मुकाट्यानं शिरायची सोय नव्हती. दार ढकललं की काहीतरी म्हणायचं. आत कुणी काम करत असेल तर त्याच्या कामाला दोन शब्द द्यायचे, आणि त्यानं दोन शब्द परत करायचे. पहिली धार काढताना वेगळं, गाय व्याली की वेगळं, कुणी शिंकलं तर आणखी वेगळं. बाई आयर्लंडच्या पश्चिमेकडल्या मेयो नावाच्या मुलखातून ऐन तरुणपणी अमेरिकेत आल्या, तेव्हा बोटीवर सामान थोडं आणि हे शब्दच जास्त घेऊन आल्या असाव्यात. आता सत्तरी उलटली होती. नवरा गेला होता, मुलगा पिट्सबर्गला नोकरीत रमला होता. पेनसिल्व्हेनियाच्या त्या खोऱ्यात बाईंजवळ गाई राहिल्या होत्या आणि शब्द राहिले होते.

जगन्नाथ पहिल्या दिवशी शेण ओढत होता. बाई मागून आल्या आणि म्हणाल्या, "गॉड ब्लेस द वर्क."

जगन्नाथ फावडं टेकवून सरळ झाला. "थँक यू, मॅडम."

बाई थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. शेजारणीकडे भरून पाठवलेली वाटी रिकामी परत यावी तसा त्यांचा चेहरा झाला. पण माणूस कामाला चोख दिसत होता, म्हणून त्या वेळी त्यांनी सोडून दिलं.

जगन्नाथ काटोलकडचा. तिकडे जिल्हा परिषदेत पशुधन पर्यवेक्षक होता, जनावरांच्या दवाखान्यात अर्धं आयुष्य गेलेलं. थोरला भाऊ प्रताप नोव्हाय नावाच्या दूरच्या गावी मोटारीच्या कंपनीत इंजिनिअर. त्यानं कागदपत्रं करून याला, बायको शुभाला आणि मुलगी रुपालीला बोलावून घेतलं आणि एका ओळखीच्याच्या गॅस स्टेशनवर उभं केलं. तिथं काचेमागे उभं राहून सिगारेटी विकताना जगन्नाथचा जीव वर्षभरात आंबून गेला. "मले जनावराचा वास लागते, दादा," असं भावाला सांगून तो इथं आला. काम दोन वेळच्या धारांचं आणि गोठ्याचं, पगाराबरोबर शेतावरचं जुनं लाकडी घर राहायला. शुभा रोज सकाळी दुधाच्या नळ्या आणि बादल्या धुवायची. रुपाली आठवीत होती, पिवळ्या बसनं शाळेत जायची आणि घरी आल्यावर मराठी प्रश्नाला इंग्रजी उत्तर द्यायची. स्टेट कॉलेज अर्ध्या तासावर, तिथं युनिव्हर्सिटीत शिकणारी दोन-चार मराठी पोरं भेटायची. बस, एवढा संसार.

चौऱ्याण्णव सालचा जानेवारी असा आला की म्हाताऱ्या माणसांनीही तोंडात बोटं घातली. गोठ्यातले पाण्याचे नळ गोठले. जगन्नाथ गरम पाण्यात फडकी बुडवून नळांना गुंडाळायचा, तर गुंडाळता गुंडाळता फडकं कडक व्हायचं. बोटांना भेगा पडल्या, आणि धार संपल्यावर सडांना लावायचं औषध त्या भेगांत शिरलं की डोळ्यांत पाणी यायचं. गाई अंग चोरून उभ्या राहायच्या. त्यांच्या श्वासाची वाफ छताला लागून तिथंच बर्फ होऊन बसायची.

त्या थंडीत पहिली गाय व्याली. काळीपांढरी कालवड, उंच पायांची. जगन्नाथनं तिला पेंढ्यानं चोळून कोरडं केलं, चीक पाजला, आणि मग पाठीवरून हात फिरवत मोकळ्या मनानं म्हणाला, "व्हेरी फाइन! ब्यूटिफुल काफ, मॅडम. मी इतकी सुंदर पाहिली नाही."

बाई वाट पाहत उभ्या होत्या. "हं. आता पुढचं म्हण."

"काय?"

"गॉड ब्लेस हर. वासराचं, पोराचं, कुणाचंही कौतुक केलं की लगेच हे म्हणायचं. कौतुक उघडं सोडायचं नाही. लागतं."

जगन्नाथला कळलं. दृष्ट. त्याची आजी मीठमोहरी उतरून चुलीत टाकायची, आणि आजानं दीक्षा घेतल्यावर त्या घरातून ते सगळं एका दिवसात हद्दपार झालं होतं. तो कसनुसं हसला. "मॅडम, आमच्या घरी देवाचं नाव घेत नाहीत."

"कुठल्या देवाचं?"

"कुठल्याच."

बाईंनी घाईघाईनं ते शब्द स्वतःच म्हटले, छातीवर क्रूस काढला. मग खाली वाकून पेंढ्याची एक मूठ घेतली, आणि कालवडीच्या पाठीवर जगन्नाथचा हात जिथून फिरला होता ती जागा पुसून काढली. त्यांना ते सवयीचं असेल. जगन्नाथला नव्हतं. म्हणजे होतं, फार पूर्वीपासून होतं, पण ते मागे राहिलं असं तो समजत होता.

कालवडीला हगवण लागली. जगन्नाथनं मीठ-साखरेचं पाणी पाजलं, स्वतःचं जुनं स्वेटर तिच्या अंगावर बांधलं. तरी ती गेली.

जमीन दगडासारखी झालेली, खड्डा घ्यायची सोय नाही. मेलेली जनावरं नेणारी गाडी रस्त्यावरून यायची, तिथपर्यंत जनावर पोचवायला लागायचं. बाईंनी दोर दिला आणि त्या घराकडे वळल्या. जगन्नाथनं मागच्या पायांना गाठ मारली आणि ओढायला लागला. बर्फावर ते अंग घसरत येत होतं, फार जड नव्हतं. पण त्याचे पाय जड झाले. त्याच्या आजानं हेच काम सोडलं होतं. गावची मेलेली ढोरं ओढणार नाही म्हणून सांगितलं, तेव्हा गावानं किराणा बंद केला, विहीर तर कधी दिलीच नव्हती. आणि गावात कुणाचं ढोर मेलं की पहिलं बोट याच वस्तीकडे. यांनीच काहीतरी खायला घातलं, यांचीच नजर. जगन्नाथ लहान होता तेव्हाही ते बोट पुरतं खाली झालं नव्हतं. रस्त्याच्या कडेला कालवड ठेवून त्यानं दोर सोडला, आणि कितीतरी वेळ तो हात बर्फानं घासत राहिला.

जेवताना त्यानं झालेलं सांगितलं. भिंतीवर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो, खाली टेबलावर भाकरी आणि वांग्याची भाजी. शुभा म्हणाली, "तीन शब्द तर आहेत. म्हणून टाका ना. ते त्यांचे देव. आपण सोडले ते वेगळे."

"सोडला तो सोडला. मग तो इकडचा असो का तिकडचा."

"बाबा, इट्स जस्ट अॅन एक्स्प्रेशन," रुपाली म्हणाली. "नोबडी इव्हन थिंक्स अबाउट इट."

"ती बाई थिंक करते," जगन्नाथ म्हणाला.

रविवारी प्रतापचा फोन आला. शुभानं त्याच्या कानावर घातलं. तो हसायला लागला. "अरे यार, मी ऑफिसात दिवसभर म्हणतो. बॉस शिंकला की ब्लेस यू. त्यानं काय बिघडलं? बोलून टाक अन् मोकळा हो. हे घर गेलं तर या थंडीत कुठं जाशील?"

"शिंकेले मीबी म्हणीन, दादा," जगन्नाथ म्हणाला. "आधी सांगितलं असतं तर कदाचित वासरालेबी म्हटलं असतं. पण आता वासरू मेलं. आता म्हटलं म्हणजे मीच मारलं असं कबूल केल्यासारखं होते. ते माझ्यानं होणार नाही."

प्रतापनं तो विषय सोडला. मग त्यानं रुपालीच्या अभ्यासाची चौकशी केली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी धारा आटोपल्यावर बाई जगन्नाथसमोर आल्या. त्यांचे डोळे खाली होते. "जॅग, वासरांच्या खोलीत तू येऊ नकोस. व्यायला झालेल्या गाईजवळही नको. बाकीचं काम तुझंच."

"ती हगवणीनं गेली, मॅडम."

"असेल. पण तू येऊ नकोस."

वासरांची खोली गोठ्याच्या टोकाला होती, तिला लाकडी उंबरा होता. जगन्नाथ दुधाची बादली आणायचा, उंबऱ्याच्या बाहेर ठेवायचा आणि दोन पावलं मागे सरायचा. मग बाई आतून येऊन बादली उचलायच्या. कुणी कुणाला रागानं बोलत नव्हतं. सगळं शांतपणे, सभ्यपणे चालत होतं, आणि त्यामुळेच ते अंगावर येत होतं. एका सकाळी शुभा धुतलेल्या बाटल्या घेऊन आली, आणि तिनं नवऱ्याला बादली ठेवून मागे सरताना पाहिलं. बाटल्या तिथंच खाली ठेवून ती माघारी वळली.

घरी येऊन ती चुलीसमोर उभी राहिली, मागे न वळता म्हणाली, "आता म्हणायचं नाही."

"काय?"

"ते तीन शब्द. मी म्हटलं होतं ना, म्हणून टाका? चुकलं माझं. आता तिनं पाय धरले तरी म्हणायचं नाही. माझा बाप असाच ओसरीखाली उभा राहायचा चहासाठी. वरून ओतायचे. मी पाहिलं आहे ते, आणि ते पाहायले मी एवढ्या दूर आली नाही." तिचा आवाज फाटला. "नोव्हायले चला. काचेमागे उभे राहा, पण चला."

"आय लाइक माय स्कूल," रुपाली हळूच म्हणाली. महिना संपला की निघायचं असं त्या संध्याकाळी ठरलं. जगन्नाथनं ते बाईंना सांगितलं, आणि बाईंनी मान डोलावली.

तेवढ्यात दुसरी गाय व्याली. जगन्नाथ दाराच्या अलीकडे होता. त्यानं वासराचा आवाज ऐकला, बाईंचं पुटपुटणं ऐकलं. सगळे शब्द नीट, पुन्हा पुन्हा म्हटलेले. ते वासरू त्यानं डोळ्यांनी पाहिलंदेखील नाही. थंडी हटली नव्हती, आणि तेही हगवणीनं गेलं.

या वेळी बाईंनी त्याला दोर दिला नाही. जगन्नाथ आवारातला गोठलेला नळ सोडवत बसला होता, तेव्हा त्याला दिसलं की म्हातारी स्वतःच वासरू ओढत निघाली आहे. चार पावलं ओढायची, थांबायची, कमरेवर हात ठेवायची. तिची टोपी पडली ती तिनं उचलली नाही. जगन्नाथ उठला, पण पुढे झाला नाही. जाऊ नको असं त्याला सांगितलं होतं, आणि ओढायचं नाही असं त्याच्या आजानं सांगितलं होतं. दोन्ही गोष्टी त्याला धरून राहिल्या. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

तेव्हा घराचं दार वाजलं. शुभा बाहेर आली, पायांत रुपालीचे बूट, डोक्याला ओढणी. रागानं पाय आपटत ती बर्फातून गेली, पडलेली टोपी उचलून म्हातारीच्या डोक्यावर घातली, आणि दोराचं दुसरं टोक हातात घेतलं. दोघी रस्त्यापर्यंत गेल्या. परत आल्यावर शुभानं हात धुतले आणि नवऱ्याला म्हणाली, "काही बोलू नका. म्हातारं माणूस होतं म्हणून गेली."

त्यानंतर गोठ्यातले शब्द बंद झाले. बाई दार ढकलून मुकाट्यानं आत यायच्या. कामाला काही नाही, धारेला काही नाही. रुपाली एकदा त्यांच्यासमोर शिंकली तरी काही नाही. गाईंच्या रांगेतून जाताना त्या डोळे जमिनीवर ठेवायच्या, एखादी गाय तोंड पुढे करायची तर मान फिरवायच्या. वासरांच्या खोलीचा उंबरा आता त्याही ओलांडत नव्हत्या. जगन्नाथला आधी वाटलं, राग आहे. मग त्याला त्या शब्दांची सवय झाली होती हे त्याच्या लक्षात आलं. मशीनच्या घरघरीखाली गोठा फार सुना वाटायला लागला.

महिना सरत आला, शुभानं खोकी बांधायला घेतली, आणि त्याच आठवड्यात मोठं वादळ आलं. सकाळपासून बर्फ आडवा येत होता. शाळा बंद, रस्ते बंद. दुपारी दारावर थाप पडली. जगन्नाथनं दार उघडलं तर नोराबाई. भुवयांवर बर्फ, ओठ निळे. शुभानं "आत या" म्हणून हात केला, पण त्या पायरीवरच उभ्या राहिल्या.

"ब्राइडी अडली आहे," त्या म्हणाल्या. ब्राइडी म्हणजे त्यांची लाल गाय, नवऱ्यानं हौसेनं आणलेल्या गाईची शेवटची लेक. "सकाळपासून कळा देते आहे. डॉक्टरला फोन केला, त्याची गाडी निघत नाही. तू जा."

"मी येऊ नये असं तुम्हीच म्हणालात."

"तू जा. मी येत नाही. मी लांब थांबते."

"काहून?" जगन्नाथच्या तोंडून मराठीच निघालं. मग त्यानं इंग्रजीत विचारलं.

बाईंनी दाराची चौकट धरली. "ते दुसरं वासरू तू पाहिलं नव्हतंस. मी पाहिलं. सगळं म्हणून पाहिलं, तरी गेलं. म्हणजे ती नजर तुझी नव्हती, जॅग." त्यांनी दम घेतला. "मेयोमध्ये माझ्या आईला लोक लोणी काढायच्या वेळी घरात घेत नसत. ही आली की लोणी धरत नाही म्हणायचे. दारातून परत पाठवायचे. मी तिचा हात धरून परत यायची. म्हणून मी आयुष्यभर एक शब्द चुकवला नाही. पण ते माझ्यात आलं आहे. तू एकटाच जा."

शुभाला त्यातलं सगळं इंग्रजी कळलं नाही. पण आई, दार आणि परत पाठवणं एवढं तिला कळलं. तिनं नवऱ्याचा जाड कोट खुंटीवरून काढून त्याच्या हातात दिला.

"मॅडम, दोन्ही वासरं थंडीनं आणि हगवणीनं गेली," जगन्नाथ बूट चढवत म्हणाला. "तुमच्यानं नाही, माझ्यानं नाही."

"तुला काय ठाऊक?"

"नसेल ठाऊक. पण गाईला दोन माणसं लागतात, आणि शुभाला ते काम येत नाही. चला."

गोठ्यापर्यंत जायला दोघांना एकमेकांचा आधार घ्यावा लागला. ब्राइडी वासरांच्या खोलीत आडवी पडली होती, डोळे बाहेर आलेले, दात कराकरा वाजत होते. जगन्नाथ उंबऱ्याशी एक क्षण थबकला आणि मग ओलांडून आत गेला. बाई बाहेरच थांबल्या, भिंतीकडे तोंड करून. त्यानं शर्ट काढला, खांद्यापर्यंत हात साबणानं चोळला आणि गाईच्या मागे पोटावर आडवा झाला. आत हात घातला. पुढचे पाय लागले, पण डोकं नव्हतं. वासरानं मान मागे वळवून बरगडीवर टेकवली होती.

"मॅडम, आत या."

"नको रे."

"आत या! मी डोकं फिरवतो, तुम्ही पायांची साखळी धरा. ती कळ देईल तेव्हा ओढायचं. मला माणूस पाहिजे, नजर कुणाचीही असो."

बाई आत आल्या. आल्या त्या डोळे मिटूनच. त्यानं त्यांचे हात साखळीवर नेऊन ठेवले. मग कितीतरी वेळ नुसतं काम चाललं. गाईची कळ आली की त्याचा हात आत चिरडायचा, बोटं बधिर व्हायची. कळ ओसरली की तो पुन्हा वासराचा जबडा शोधायचा. घामानं त्याचं अंग भिजलं आणि घामाची वाफ निघायला लागली. एकदा जबडा हातात आला आणि निसटला. त्यानं आईची शिवी दिली, कुणाला ते त्यालाही ठाऊक नव्हतं. मग दोन बोटं जबड्यात अडकली आणि मान हळूहळू वळून सरळ झाली.

"पुल! मॅडम, पुल!"

म्हातारीनं दोन्ही पाय जमिनीत रोवले आणि ओढलं. वासरू एका दमात सगळंच बाहेर आलं, ओलं, लाल आणि निपचित. जगन्नाथनं नाकातोंडातला चिकटा बोटानं काढला, पेंढ्याची काडी नाकपुडीत घातली, छाती चोळली, पुन्हा चोळली. बाईंचे डोळे आता उघडे होते आणि त्या मिटायला विसरल्या होत्या. वासरू शिंकलं. मग त्याचं पोट वर आलं आणि खाली गेलं.

कालवड होती. कपाळावर पांढरा ठिपका, कान मोठे. ब्राइडी धडपडत उठली आणि तिला चाटायला लागली. बाहेर वारा पत्र्यावर आपटत होता. आत दोघं पेंढ्यात बसून राहिले, कालवडीच्या दोन बाजूंना, आणि कुणीच काही म्हणालं नाही. जगन्नाथला म्हणावंसं वाटत होतं. फार वाटत होतं. पण त्यानं ओठ घट्ट मिटून घेतले, कारण या गोठ्यात चांगलं वाटलेलं बोलून दाखवायची आता त्याला भीती बसली होती. बाई त्याच्या मिटलेल्या तोंडाकडे पाहत होत्या.

"म्हण ना," त्या म्हणाल्या.

जगन्नाथचं अंग ताठ झालं. पुन्हा तेच. "मॅडम, मी..."

"देवाचं नाही. छान आहे एवढंच म्हण. पहिल्या कालवडीला म्हणाला होतास तसं." त्यांचा आवाज बारीक झाला. "माझ्या आईनं कधी कुणाच्या पोराला छान म्हटलं नाही. मीही नाही. माझ्या स्वतःच्या मुलालासुद्धा नाही. भीतीनं. तू म्हणालास तेव्हा मला किती बरं वाटलं होतं, आणि मी ते पुसून काढलं. म्हण. बाकीचं मी म्हणते. ते माझ्याकडे."

जगन्नाथनं ओल्या पाठीवर हात ठेवला. त्याला इंग्रजी सुचेना. "लय मस्त हाय पोरगी," तो म्हणाला. "लय मस्त हाय."

बाईंना शब्द कळले नाहीत. त्याचं बोलणं पुरतं होईपर्यंत त्या थांबल्या आणि मग म्हणाल्या, "गॉड ब्लेस हर." मग त्यांनी हात पुढे केला. जगन्नाथचा हात जिथं होता ती जागा या वेळी त्यांनी पुसली नाही. तिथंच, त्याच्या हाताशेजारी, त्यांनी आपला हात ठेवला.